पळणारीचा स्वेटर

माझ्या सुनेला पोलीस व्हायचं होतं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिनं हे मला सांगितलं, तेही पोळ्या लाटता लाटता, घरातलं मीठ संपलंय असं सांगावं तसं. वयाच्या अटीत बसायला ते शेवटचं वर्ष होतं. लेखी परीक्षेचा अभ्यास घरात बसून झाला असता. पण त्याआधी मैदानी चाचणी, आणि तिच्यात आठशे मीटर पळायचं. पळायचं तर रस्त्यावरच, आणि रस्ता आमच्या डोणगावचा, जिथे कोणाच्या घरी किती वाजता दिवा लागला हेही शेजारी सांगतात.

मुलगा लगेच हो म्हणाला. पण हिवाळ्यात शेतातली विजेची लाइन रात्रीची. गव्हाला पाणी देऊन तो पहाटे घरी यायचा आणि चिखलाचे पाय कसेबसे धुऊन गोधडीत शिरायचा. सोबतीला उरले मी, अंगणवाडीतून निवृत्त झालेली आणि गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेली. खरं सांगायचं तर तिच्या सोबतीपेक्षा गावाची तोंडं बंद करायला म्हणून मी जात होते. सासूच बरोबर आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

साडेपाचला आम्ही निघायचो. गावाबाहेर नाल्यावर एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर पोतं टाकून मी बसायचे, हातात मोबाइलचं घड्याळ. ती पुढच्या फाट्यापर्यंत पळत जायची आणि परत यायची. त्या दिवसांत कापसाच्या गाड्या जातात, वरून धुक्याची धुई, म्हणून मुलानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावायच्या रेडियमची उरलेली पट्टी तिच्या टी-शर्टाच्या पाठीवर शिवून दिली होती. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं पळ, असंही त्यानं बजावलं होतं. ती पट्टी पहिले वीस दिवस कोणालाच दिसली नाही, कारण तिच्यावर माझा स्वेटर होता.

हा स्वेटर मी विणलेला. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या हिवाळ्यात, जाड मरून लोकरीचा, गळ्यापर्यंत बंद. शत्रूवर जाताना घालावा इतका मजबूत. थंडीत पळायचं म्हणजे अंग झाकलेलं हवं, एवढं माझं शास्त्र. स्वेटर, त्यावर डोक्याला गुंडाळलेला माझा जुना मफलर, पायात दोन-दोन मोजे. ती काही न बोलता सगळं घालायची आणि पळायची. वेळ मात्र कमी होईना. उलट परत येताना तिला धाप लागायची आणि माझ्याबरोबर घराकडे चालताना तिचे दात वाजायचे. मी म्हणायचे, बघ, एवढं घालूनही थंडी वाजते, आणि दुसऱ्या दिवशी वरून शालही द्यायचे.

मग तिला खोकला झाला, त्यामागून ताप. चांगले सात-आठ दिवस ती अंथरुणाला खिळली. मैदानी चाचणीला महिनाही उरला नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी काढा घेऊन बाजूला बसायचे. हे वर्ष गेलं की संपलं, हे दोघींनाही माहीत होतं.

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त फौजी राहतात. ते चौकशीला आले. काय घालून पळायची, पळून झाल्यावर काय करायची, सगळं त्यांनी विचारलं. मी अभिमानानं स्वेटर आणून दाखवला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, पोरीले थंडी नाही, घाम बाधून राह्यला," ते म्हणाले. "पळताना कपडा पातळ पाह्यजे. जाड कपडा थांबल्यावर."

मग त्यांनी नीट समजावलं. घरातच जागेवर उड्या मारून अंग मोकळं करायचं. निघताना थोडी थंडी वाजली तरी चालते, दहा मिनिटांत अंग तापतं. पातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, कान झाकायचे, एकदम वेग घ्यायचा नाही. आणि पळणं झालं की ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहायचं नाही. आधी पुसायचं, मग कोरडं आणि गरम काहीतरी घालायचं.

ते गेल्यावर मी सुनेला विचारलं, तुला इतका घाम यायचा तर तू स्वेटर काढत का नव्हतीस?

ती गोधडीचा सुटलेला दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही विणलेला होता, आई. तुमच्यासमोर काढू कशी?"

मला आधी रागच आला. अंथरूण धरलंस तरी मान ठेवणार का, असं मी तिला खडसावलं. मग न्हाणीत जाऊन उगाच तोंड धुतलं. राग तिच्यावर नव्हताच. रोज तो स्वेटर दोरीवर टाकताना पिळण्याइतका ओला असायचा आणि मी रोज म्हणायचे, काय धुई पडते बाई यंदा. त्याच धुईत बसून माझी शाल कोरडी कशी राहते, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. सहा वर्षांत मी त्या पोरीच्या पाठीला कधी हातच लावला नव्हता, तर घाम कळणार कुठून?

ताप उतरला, खोकला गेला, अंगात जरा जोर आला तेव्हा आम्ही पुन्हा मोरीवर गेलो. आता तिथे पोचल्यावर ती स्वेटर काढून माझ्या हातात द्यायची. पहिल्या दिवशी देताना लाजली. मी तो शालीच्या आत, पोटाशी धरून बसायचे. ती पळत जायची आणि पाठीवरची रेडियमची पट्टी गाडीच्या उजेडात लखकन चमकायची. ती परत आली की मी पंच्यानं तिची पाठ पुसायचे, मान पुसायचे आणि गरम झालेला स्वेटर डोक्यावरून घालायचे. ती लहान मुलीसारखे दोन्ही हात वर करायची. मला मुलगी नाही. त्या दिवसांत मला ते फारसं जाणवलं नाही.

मैदान बुलढाण्याला होतं. तिथली थंडी आमच्यापेक्षा कडक. आत फक्त उमेदवार सोडत होते. फाटकाशी तिनं स्वेटर काढून मला दिला आणि मागे न बघता गेली. मी कुंपणाबाहेर उभी, पोटाशी स्वेटर. किती वेळ गेला कोण जाणे. शेजारच्या बायका चहाला गेल्या, मी गेले नाही, स्वेटर गार झाला असता. ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात वर केले. स्वेटरातून डोकं बाहेर काढल्यावर म्हणाली, "झालं, आई. जमलं."

लेखीही निघाली. आता ती प्रशिक्षणाला दूर गेली आहे. परवा तिचा फोन आला. जेवण कसं, झोप कशी, हे झालं आणि मग ती हळूच म्हणाली, "आई, इथं सकाळी लय थंडी राह्यते. पळताना स्वेटर काढून बाकावर ठेवते. परत येते तं गारठून राह्यते तो. धरायले कोणी नाही."

मी तिला रागावलेच. म्हटलं, "पोलीस झाली नं तू? गार स्वेटर घालायले भेते काय?" ती हसली. मीही हसले आणि फोन ठेवला. मग मात्र बराच वेळ रडले.