भांग पाडलेला मासा

काका कुठलाही मासा काचेतून बघत नसत. चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. गिऱ्हाईक टाकीच्या काचेला नाक लावून उभं राही, आणि काका लाकडी स्टुलावर चढून वरून पाण्यात डोकावत. वैद्यकीय संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी अख्खी नोकरी सूक्ष्मदर्शकावर वाकून काढली होती. निवृत्तीनंतर दुकान टाकलं, तरी वाकायची सवय गेली नाही.

दुसऱ्याच्या शब्दावर माशाला नाव द्यायचं नाही, ही त्यांची आणखी एक सवय. दिल्लीच्या व्यापाऱ्याने पिशवीवर काहीही लिहून पाठवलेलं असो, काका प्रयोगशाळेतून आणलेला जुना पांढरा इनॅमलचा ट्रे काढत, त्यात चार बोटं पाणी घेत आणि नवा मासा त्यात सोडून स्वतः वाकून पाहत. चंदीगडमध्ये आयुष्य गेलं, पण मराठी माणसाशी ते अकोल्याचंच बोलत. "लिहिलं त्यानं. पण पाह्यलं कोणं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी त्यांच्याकडे गेले ते एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी. माझा प्रकल्प गार माशाच्या पिल्लांवर होता. हा अमेरिकेतला लांब चोचीचा मासा. बोटभर असताना विकायला येतो आणि दुकानदार सगळ्यांनाच 'क्रोकोडाइल' म्हणून मोकळे होतात. यांतली अ‍ॅलिगेटर गार ही जात वाढत वाढत माणसापेक्षा लांब होते. मग मालक घाबरतो आणि कुठल्यातरी तलावात सोडून येतो. म्हणून पिल्लू असतानाच जात ओळखणं महत्त्वाचं. शहरातल्या दुकानांत कोणती पिल्लं विकली जातात, एवढंच मला शोधायचं होतं.

मी दुकानोदुकानी जाऊन काचेतून फोटो काढले होते. पुस्तकातल्या अ‍ॅलिगेटर गारची चोच रुंद होती, माझ्या फोटोंतल्या चोची निमुळत्या. तेव्हा ही सगळी फ्लोरिडा गार, म्हणजे त्या मानाने लहानच राहणारी जात, असं लिहून अहवाल बांधूनही झाला होता. तो सोमवारी द्यायचा होता. अहवाल चांगला झाला तर आपल्या संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून घेईन, असं मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. माजलगावला मी घरी कळवूनही टाकलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांनी आडतीवरच्या सगळ्या हमालांना चहा पाजला होता.

शनिवारी राहिलेलं शेवटचं दुकान म्हणून काकांकडे गेले. माझी हिंदी ऐकून त्यांनी जिल्हा विचारला, बीड म्हटल्यावर स्टूल पुढे केलं. अहवाल चाळून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वरून पाह्यलं काय?"

मी नाही म्हणाले. त्यांनी टाकीतली दोन पिल्लं ट्रेमध्ये सोडली. दोघांच्या शेपटीवरचा धाग्याएवढा तंतू सारखाच थरथरत होता, चोची सारख्याच होत्या. पण एकाच्या पाठीवर मधोमध गडद पट्टा होता. दुसऱ्याच्या पाठीवर चोचीपासून वरच्या परापर्यंत फिकट रेघ होती आणि तिच्या दोन्ही कडा काळ्या. अगदी तेल लावून काढलेल्या भांगासारखी.

"चोच नको पाहू माय, चोच मोठेपणी रुंद होते," काका म्हणाले. "भांग पाह्य. भांग पाडला का समज, अ‍ॅलिगेटर."

माझ्या एकाही फोटोत पाठ नव्हती. मी घाबरून म्हणाले की तुमचं दुकान यादीतून वगळते, बाकीचं राहू दे. काका रागावले नाहीत. ट्रे पुसत एवढंच म्हणाले, "वगळ. मग उद्या कोणी तुले विचारलं का हा कोणता मासा, तं काय सांगशीन?"

रविवारी ते स्कूटरवर ट्रे घेऊन माझ्याबरोबर निघाले. दुकानदार मला टाकीत हात घालू देत नव्हते, पण काकांना सगळे ओळखत. "ओ जी, दो मिनट," म्हणत ते जाळी मागून घेत. ट्रेमध्ये मात्र त्यांनी स्वतः पाहून मला सांगितलं नाही. आधी मी नाव सांगायचं, मग ते वाकणार. दिवसभरात जवळजवळ निम्म्या पिल्लांच्या पाठीवर भांग निघाला.

सोमवारी मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. मुदत त्यांनी वाढवून दिली, सहायकाची जागा मात्र दुसऱ्या मुलीला दिली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. वडिलांना फोन करताना मला रडू आलं. त्यांनी मासा कसा ओळखतात ते विचारलं. मी भांगाचं सांगितलं, तर म्हणाले, मग बरोबर केलंस.

पुढे वर्षभर मी नोकरी शोधत सेक्टर ३४ मध्ये क्लासेसमध्ये शिकवत होते आणि रविवारी काकांच्या दुकानात बसत होते. त्यांनी मला पुन्हा कधी शाबासकी दिली नाही. पिशवी आली की ट्रे पुढे सरकवत, मी नाव सांगे, आणि मग ते वाकून खात्री करून घेत. दर वेळी.

नगरच्या कॉलेजात मला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले. दुकानात एक सरदारजी नातीसाठी गार घ्यायला आले होते. काकांनी पिल्लू ट्रेमध्ये सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाकले. पाठीवर गडद पट्टा होता.

"भांग नाही, काका."

काकांनी चष्मा खिशातून काढलाच नाही. वाकलेही नाहीत. "ले जाओ जी," ते सरदारजींना म्हणाले, "मॅडमने देख लिया है," आणि पिशवीत पाणी भरू लागले.