न उघडलेला फोटो

बायका-मुलींना मोबाइलवरून छळणाऱ्यांसाठी वेगळा कायदा करायचा आहे, त्याच्या मसुद्यावर वकील बायकांचं म्हणणं ऐकायचं आहे, म्हणून बीडला बैठक होती. मीही अंबाजोगाईहून गेले होते. शहरातून आलेले एक साहेब भिंतीवर चित्रं दाखवून सांगत होते की मुली घाबरून पुरावा पुसून टाकतात, तो त्यांनी जपला पाहिजे. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझा पुरावा मी नाही पुसला. माझ्या अख्ख्या गावानं पुसला. आणि त्यासाठी मी गावाचे उपकार मानते." साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग मला सगळंच सांगावं लागलं.

आमचं गाव धारूरच्या डोंगरात, मेंढरं राखणाऱ्यांचं. वकिली शिकायला अंबाजोगाईला गेलेली गावातली पहिली पोरगी मी. शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते आणि एका अनोळखी नंबरवरून गावातल्या कित्येकांच्या मोबाइलवर एक फोटो आला. चेहरा माझा, अंग भलत्याच कुणाचं, आणि अंगावर कपडे नाहीत. चुलतभावानं मान खाली घालून मला सांगितलं, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आमच्यात शब्द पक्का करायचा तर देवापुढं भंडारा उचलतात. ती चिमूटभर हळद हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमले. त्या वर्षी पूजा आमच्या घराकडं होती, म्हणून भंडाऱ्याचं ताट दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात होतं. एकेक जण पुढं आला, फोटो पुसला, नंबर पुसला, भंडारा उचलला. "आपली लेक हाय. आमी काय बघितलं न्हाई." ज्या पोरांचं एरवी 'बे'शिवाय वाक्य पुरं होत नाही, तीही मुकाट आली. मी दारात उभी राहून बघत होते. आपलं गाव आपल्याला इतकं आवडतं हे मला त्या दिवशी कळलं.

वकिली शिकणाऱ्या माझ्यासुद्धा डोक्यात आलं नाही की ही सगळी माणसं मिळून माझा खटला पुसताहेत.

आठवडाही गेला नाही तोच मला फोन आला. नंबर दिसत नव्हता. "आता कॉलेजात सगळ्यांना पाठवतो," एवढंच बोलून त्यानं ठेवून दिला. थोरले चुलते म्हणाले, "त्यो घावंपातूर पोरगी घरीच ऱ्हाईल." परीक्षा तोंडावर आलेली. एकदा घरी बसले की मग लग्नच, हे न सांगताही सगळ्यांना ठाऊक होतं.

चुलते, दादा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या फौजदार बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो कुणाकडे आहे? ज्या नंबरवरून आला तो तरी?" गावात एकाच्याही मोबाइलमध्ये काही उरलं नव्हतं. इतकं चोख काम गावानं कधी रस्त्यासाठीही केलं नव्हतं. चुलते म्हणाले, "आता काय, चला घरी."

तेव्हा दादांनी बंडीच्या आतल्या खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्यात हाय."

"तू भंडारा उचलला न्हाईस?" चुलते जवळजवळ ओरडलेच.

"म्या ताट धरलं हुतं. मला कुनी इचारलंच न्हाई."

"पर पुसला कावून न्हाईस?"

दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुसायचा तर उघडावा लागला असता. बापानं कावून उघडावं?"

एवढं बोलून ते बाहेर गेले आणि ठाण्याच्या आवारात, उन्हात, दाराकडं पाठ करून उकिडवे बसले. फौजदार बाईंनी तो मेसेज स्वतः उघडला. मला बघायला लावला नाही, चुलत्यांना तर नाहीच. नंबरावरून माणूस सापडला, कॉलेजातलाच होता. मी परीक्षेला बसले. आज अंगावर काळा कोट आहे तो त्या न उघडलेल्या मेसेजमुळं. न उघडताही मेसेज पुसता येतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. दादांना मी ते आजवर सांगितलेलं नाही.

बैठकीत मी म्हणाले, त्या फौजदार बाईंनी मायेनं जे केलं ते कायद्यानं व्हावं. तपासणाऱ्यानंच उघडावं, पोरीला आणि घरच्यांना पुन्हा बघायला लावू नये. आणि लाजेपोटी किंवा मायेपोटी कुणी पुसलं असेल, तर तेवढ्यावरून तिला परत पाठवू नये. साहेबांनी या वेळी लिहून घेतलं.

घरी गेले तेव्हा दादा मेंढरं वाड्यात घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. कायदा व्हायचा तेव्हा होईल, पण माझं म्हणणं त्यांनी लिहून घेतलंय, असं मी म्हणाले. दादांनी वाड्याचं फाटक लावलं.

"लई बेस केलंस, माय," ते म्हणाले. "आनि एक सांग त्यास्नी. भाईर बापाला बसाया सावलीत एक बाकडं ठिवा म्हनावं."