कापायचं की थांबायचं

यूसुफभाई काल गेले आणि मला त्यांचा रागच आलाय.

असं कसं जातं कोणी? पीक उभं ठेवून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दारव्ह्यात ट्रॅक्टर रिपेअरिंगचं दुकान त्यांचं, आणि वावर माझ्या बांधाला लागून. बोंडअळीनं लागोपाठ कपाशी खाल्ली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हत्तीगवत लावलं. एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुटत राहतं. वाळवून पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, बनवणाऱ्या कारखान्याला द्यायचं; त्या बॉयलरमध्ये जाळतात.

गावानं वेड्यात काढलं. काढणारच.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागलं. मी नागपूरला होतो. यूसुफभाईंचा जन्म गेला कपाशीत. पानानं रंग बदलला की यांचा हात युरियाच्या पोत्यात!

वर मला फोन करून अभिमानानं सांगितलं, "रवीभाऊ, कपाशीच्या पऱ्हाटीवर लाल्या येते ना, पानं लाल पडते, तसंच वाटून राह्यलं होतं. डोस देऊन टाकला. तुमच्याबी वावरात."

गवत हिरवंगार झालं. वाळायचं नावच घेईना. तसंच कापून नेलं, तर कारखान्यानं गाडी ओली म्हणून परत पाठवली. आम्ही दोघं गेटवर एकमेकांची तोंडं पाहत उभे.

मग काय हसलो!

त्यानंतर मात्र माणूस असा पालटला की मला हिरव्या गवताला हात लावू देईना.

"पिवळं पडू द्या. कस मुळात उतरून राह्यला. खत द्याचं ते कापल्यावर, नवे फुटवे निघाले की."

आणि याच माणसानं मागच्या आठवड्यात दवाखान्यातून फोन केला.

"कापा."

"भाई, अजून हिरवं आहे."

"असू द्या. मले मशीन चालतानी पाह्याची हाय. व्हिडिओ पाठवजा."

मी म्हटलं, तुम्हीच तर थांबा म्हणता. घरी या, सोबत कापू.

त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, पटलं.

पटलं होतं का? की बोलून दमले होते?

काल कब्रस्तानात माती देताना डोक्यात हेच. एक तास कापून व्हिडिओ पाठवला असता तर काय बिघडलं असतं? पण मग इतकी वर्षं मला थांबवत होते ते कशासाठी? मी पूर्ण कन्फ्युज आहे. खूप वाईट वाटतंय, आणि नक्की कशाचं तेही सांगता येत नाही.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. भाभी दाराआडून म्हणाल्या, "भाऊ, गवत कधी कापता?"

मी विचारलं, "भाई काय म्हणाले होते?"

"ते म्हणत होते, रवीभाऊ सांगतीन तसं करा. त्यांले समजते, मले काई समजत नाही."

समजत तर मलाही नाही, भाई.

माझा शेवटचा सलाम घ्या.