चौदावं रीळ

शनिवार, ११ मे १९७४. जिंतूरच्या तंबू टॉकीजमध्ये त्या दिवशी जमिनीवर बसायचा दर साठ पैसे होता. टांग्यात बसून हा दर भोंग्यातून गावभर सांगायचा, हे आश्रुबाचे काम. चौदा वर्षे तो हेच करीत होता आणि आपण सांगितलेले खरे निघावे, एवढीच त्याची हौस होती. ती क्वचितच पुरी व्हायची. सिनेमाची पेटी परभणीहून एसटीच्या टपावरून दुपारी यायची, जाहिरात मात्र सकाळीच करावी लागे. मग पोस्टर बघायचे, मालक रंगनाथशेट सांगतील त्यावर भिस्त ठेवायची आणि बोलायचे. दर वेळी ‘एकदम नवीन कथा’, आणि दर वेळी तीच आई तसाच खोकून जीव सोडायची.

बसस्टँडसमोर फुटाणे विकणाऱ्या सुलाबाईने टांगा थांबवला. तिची लेक दिवाळीत बाळंतपणात गेली होती. सहा वर्षांची नात, बायना, आता तिच्याजवळच असे. मागच्या महिन्यात तंबूत आई मेलेली पाहून पोरगी दोन दिवस जेवली नव्हती.

“आश्रुबा, पोरगी सिनेमा सिनेमा करायलीय. ह्याच्यात आई मरती का, तेवढं सांग.”

पोस्टरवर आई खुर्चीत बसून हसत होती. शेट सकाळीच म्हणाले होते, “ह्यो येगळाच हाय बघ. सामाजिक. इचार करायला लावनारा.”

“न्हाई मरत, मावशी.”

“मागं बी असंच म्हनला होतास.”

“मेली तर तिकिटाचे पैसे माज्याकडून घ्या. मग तर झालं?”

सुलाबाईने फुटाण्याची टोपली झाकली.

संध्याकाळच्या खेळाला आश्रुबा मशीनवाल्या पंडितजवळ उभा राहिला. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत, लोक पाणी पीत, बिड्या पेटवत, आणि पंडित दुसरे रीळ चढवी. पहिल्या रिळात नायक एका पुतळ्याशी समाजाबद्दल बोलत राहिला. पुतळ्याने काही उत्तर दिले नाही, तरी नायक थांबला नाही. तिसऱ्या रिळात आई खोकली.

“खोकली,” आश्रुबा म्हणाला.

“धूळ लय हाय त्या घरात,” पंडित म्हणाला.

सहाव्यात वारा नसताना दिवा विझला. नवव्यात डॉक्टरने चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणारा डॉक्टर भेटल्यावर आई फार तर पाच रिळे काढते, हे आश्रुबाला तोंडपाठ होते. त्याला मरणाचा राग नव्हता. माणूस मरतोच. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा ‘शेळीला पाणी दाखवलं का’ एवढेच विचारून गेली. या सिनेमावाल्यांच्या आया मात्र अर्धा तास भाषण केल्याशिवाय डोळे मिटत नव्हत्या, आणि त्यालाच शेट इचार म्हणत होते.

तेरावे रीळ संपले. दिवे लागले. बायकांच्या बाजूला बायना आजीच्या मांडीवर ताठ बसली होती, पदराचे टोक मुठीत घट्ट धरून.

“पंडित, आता कोनतं?”

“चौदावं.”

“ऱ्हाऊ दे ते. पंधरावं लाव.”

“येडा झाला का? शेटला कळलं तर मशीनीसकट मला बी बाहीर काढतील.”

“शेट पान खायला गेलेत. लाव म्हनतो ना.”

पंडितने त्याचा चेहरा पाहिला आणि चौदावे रीळ पेटीतच ठेवले.

दिवे गेले. पंधराव्या रिळाचे पहिलेच दृश्य भिंतीवरच्या फोटोचे निघाले. फोटोत आई होती आणि फोटोला हार होता.

आश्रुबाने डोळ्यांवर हात ठेवला. एरवी पट्टी बोटभर तुटली तरी तंबूत शिट्ट्या वाजत, पडद्यावर खडे येत. आज अख्खे रीळ गेले आणि कोणी चकार शब्द काढला नाही. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. न पाहिलेल्या मरणाला सारा तंबू रडू लागला.

खेळ सुटल्यावर तो दारातच उभा होता. सुलाबाई पोरीचा हात धरून आली.

“मी तर डोळं उघडंच ठिवलं होतं,” ती म्हणाली. “मेली कवा?”

“आजी,” बायना म्हणाली, “दिवे लागले तवा मेली ती.”

आश्रुबाने खिशातून पैसे काढून पुढे धरले. सुलाबाईने घेतले नाहीत.

“ठेव तुज्याकडं. आई जगती असा आला की त्याच्यात वळते कर. तवर आमाला सांगू नको.”

मागून रंगनाथशेट आले. “आज धा मिनिटं लवकर सुटला रे. इंजिनाचं डिझेल वाचलं. काय केलं?”

पंडितने खाली मान घालून सांगितले. शेट रागावले नाहीत, थोडे विचारात पडले. तो सिनेमा आणखी सहा दिवस चालला. त्या सहा दिवसांत चौदावे रीळ पेटीबाहेर निघाले नाही आणि त्याची चौकशी करायला एकही माणूस आला नाही. आश्रुबाने जाहिरातीतून ‘नवीन’ हा शब्द काढून टाकला. तेही कोणाच्या लक्षात आले नाही.

पुढच्या हंगामात जिंतूरला अकरा सिनेमे आले. दहांत आई मेली. अकराव्यात ती सुरुवातीपासूनच फोटोत होती. सुलाबाईचे साठ पैसे आश्रुबाकडे बाकी आहेत.