एकविसावं पान

"थांबा, एकवीसला विचारू."

पुस्तक हातात घेतलं की काका आधी एकविसावं पान उघडायचे. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकात त्या पानाच्या समासात त्यांची पेन्सिलची बारीक खूण असे. ती दिसली की पुस्तक परत कपाटात. वाचनालयाची पुस्तकं रंगवू नका, असं ग्रंथपाल म्हणून मी शंभरदा सांगितलं असेल. "अरे भाऊ, एका तिकिटावर दोनदा प्रवास नाही," म्हणायचे.

तुम्ही डहाणूहून तलासरीला एसटीने गेला असाल, तर तुम्हाला ते आठवतील. तिकिटं देऊन झाली की पुस्तक उघडून बसणारे कंडक्टर. बेल द्यायची राहिली की ड्रायव्हर पुढून ओरडायचा. २०१४ला रिटायर झाले आणि मसोलीतल्या आमच्या वाचनालयात रोज येऊ लागले. नव्या सभासदाला हमखास सांगायचे, "वाचत राहा, डोक्याला गंज चढत नाही." मला ते इतकं पटलं होतं, की मीही तेच सांगत फिरायचो.

दोन वर्षांनी एकदा काकू एकट्याच आल्या. सुकी मासळी विकून परतत होत्या. रिकामी पाटी दारात ठेवली.

"भाऊ, हे चहा पिऊन परत चहा मागतात. परवा आपलीच गल्ली चुकले. डॉक्टरला दाखवू का?"

मी हसलो. "काकू, आठवड्याला तीन पुस्तकं वाचणारा माणूस! त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं."

काकूंचा चेहरा हलका झाला. त्या पाटी उचलून गेल्या आणि डॉक्टरला दाखवायचं राहून गेलं.

आता खरं सांगतो. त्याच्या आदल्याच आठवड्यात काकांनी परत केलेलं एक पुस्तक मी चाळलं होतं. एकविसाव्या पानावर एकाखाली एक सहा खुणा. एकवीसला विचारायचं ते विसरले होते. वाचून झाल्यावर खूण करायची सवय तेवढी हाताला राहिली होती. मला गंमत वाटली. म्हातारबाला फारच आवडलेलं दिसतंय, म्हणून त्यांनी ते पुन्हा मागितलं तेव्हा मी शिक्का मारला. पुढेही मारत राहिलो.

पुढच्या वर्षी ते तलासरीच्या एसटीत चढले आणि "बोला, कुठं?" करत एकेका सीटपाशी थांबू लागले. लोक हसले, काहींनी मोबाईल काढले. मग कुठे डॉक्टरला दाखवलं. "इतके दिवस काय करत होते?" त्याने विचारलं.

"वाचत होते," काकू म्हणाल्या.

२०१९ला काका गेले. तेराव्यानंतर काकू तेच पुस्तक परत द्यायला आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण एकविसावं पान त्यांनी बरोबर उघडलं. समास पेन्सिलीने भरला होता.

"ते विसरले होते, भाऊ. तुम्ही तरी हे पान बघायचं होतं."

"नाही बघितलं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी तेही खरं मानलं.