अण्णांची ‘टेक’ची वही

वडिलांची वही मी रद्दीत दिली. ते जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते.

अण्णा जामबागेतल्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर त्यांना ‘टेक’ या एकाच इंग्रजी शब्दाचा नाद लागला. चहा घेणं, फोटो काढणं, वेळ लागणं, कुणाच्या वळणावर जाणं, सगळीकडे हा आपला हजर. एकेक अर्थ सापडला की दोनशे पानी वहीत त्याचं वाक्य लिहायचे आणि जेवताना ते आईला मराठीत सांगायचे. आईला इंग्रजी येत नाही. मी एकदा पहिलं पान पाहिलं होतं, नुसती अर्थांची यादी. मास्तरकी अंगातून जात नाही म्हटलं आणि वही मिटली.

त्या वीस दिवसांत मला काहीच होत नव्हतं. माणसं आली की खुर्च्या मांडायच्या, गेली की उचलायच्या. रविवारी त्यांचं कपाट आवरायला काढलं तेही तसंच. आईला विचारलं, “हे देऊ?” ती काही बोलली नाही. मी होकार धरला.

दुपारी तिनं विचारलं, “टेकची वही कुठंय रे? दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काहीतरी लिहीत होते. म्हणाले, आल्यावर सांगतो. तेवढं वाचून दाखव.”

मी निघालो. गौलीगुड्यात रद्दीच्या दुकानासमोर स्कूटर लावताना दिसलं, एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात अण्णांची.

रद्दीवाला म्हणाला, “सुबे का माल अब्बी बंधा नै साब. देख लो.”

ढिगात तासभर बसलो तेव्हा सापडली. त्यानं डोकावून विचारलं, “क्या है इस में?”

“एक लफ्ज के माने.”

“एक के इत्ते?”

तिथंच चाळली. पहिली दोन पानं यादीची, पुढं सगळं आमचं घर. ‘कपाट हलवायला दोन माणसं लागतात; आमचे चिरंजीव बघायला उभे राहिले.’ पुढे, ‘चिरंजीव नेमके कुणाच्या वळणावर गेले, याचा तपास चालू आहे.’ हसू यायला हवं होतं, किंवा रडू. मी पान उलटलं.

घरी आईसमोर बसून शेवटचं वाक्य, ‘टेक’ म्हणजे सोसणं, मनात मराठीत जुळवलं आणि वाचलं, “‘आमच्या हिला पंख्याचा वारा सोसत नाही, म्हणून मी उकाड्यात झोपतो.’”

आईनं वर पंख्याकडे पाहिलं.

“मला सोसतो की,” ती म्हणाली. “मला वाटायचं, यांनाच सोसत नाही.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“ते तरी कुठं बोलले? लिहून ठेवलं.” तिनं वही माझ्या हातून घेतली, पदरानं पुसली. “तू पाहिलं होतंस हे?”

“नाही. मला वाटलं, नुसते अर्थ आहेत.”

“हौ. आणि इंग्रजीवर पोट भरतोस म्हणे तू.”