खाली न ठेवलेलं गाणं

टॅक्सी कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगखाली उभी होती, डिकीत बॅगा चढल्या होत्या आणि मी गळ्यात बेंजो अडकवून वाजवत होतो. मेलबर्नला नोकरीसाठी निघालेला माणूस असा निरोप घेतो का, असं ड्रायव्हरला नक्की वाटलं असणार. पण मिल बंद पडल्यावर बाबांनी दोस्तांना जमवून बेंजो पार्टी उभी केली होती. हळदी म्हणू नका, गणपती म्हणू नका, सगळीकडे वाजवायची. त्यांचा मुलगा गुपचूप कसा जाणार?

मी उचलली होती ती चाल बाबांनीच बांधलेली. आमच्या पार्टीचा एक नियम होता. ज्याने गाणं उचललं, म्हणजे सुरू केलं, त्यानेच शेवटचा तोडा वाजवून ते खाली ठेवायचं. त्याचा हात दुखला तर दुसऱ्याने सांभाळायचं, पण संपवायचं नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारायला लागला तेव्हा बाबांनी माझ्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. ढोल-ताशा चालूच होता. आई म्हणाली, "जातस तर जा, पण बेंजो हयसरच ऱ्हवांदे. थंय कोणाक वाजवन दाखवतलस?" टॅक्सी हायवेला लागेपर्यंत मागून गाणं ऐकू येत होतं.

आईचं खरंच होतं. इथे रविवारी सकाळी मिक्सर लावायचा तरी मी शेजारणीचा विचार करतो. मग हेडफोन घालून शिफ्टला जाताना घरून येणारी पार्टीची नवी रेकॉर्डिंग ऐकायची सवय लागली. आमचा ताशेवाला नीलेश मी निघाल्यावर थोड्याच दिवसांत मस्कतला गेला, त्यालाही तोच नाद. मी अर्धवट सोडून आलेलं तेच एक गाणं आणि त्यावरून आमची भांडणं. तो म्हणायचा, वर्सोव्याच्या हळदीतलं बेस्ट, कारण कोळणी नाचायला लागल्या आणि बाबांनी लय अशी काही चढवली की ढोलवाल्याची वाट लागली. मला गोराईचं आवडायचं. तिथे जनरेटर बसला, कीबोर्ड गेला, आणि अंधारात नुसत्या ढोलावर बाबा चाल इतकी सावकाश वाजवत राहिले की लोक नाचायचे थांबून ऐकायला लागले. मुलुंडच्या रेकॉर्डिंगला आम्ही दोघंही नाक मुरडायचो.

एकदा नीलेशचा व्हॉइस मेसेज आला. "अरे यार, इतकी वर्षं ऐकतोयस, याला शेवट कुठाय?"

मी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. वर्सोवा, गोराई, मुलुंड, कुठेच तोडा नव्हता. प्रत्येक वेळी बाबा त्या चालीतून हळूच दुसऱ्या गाण्यात शिरायचे. मी फोन लावला तर ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "उचललंस तू, ठेवणार पण तूच. ये गणपतीला."

गाडी चालवत होतो, ती बाजूला घेऊन रडलो. येतो म्हणालोही. मग त्या वर्षी पीआरची, इथे कायम राहायच्या परवान्याची, फाइल अडकली. पुढच्या वर्षी मुलीची स्कूल टर्म, नंतर मॉर्गेज, आणि लीव्ह तर नेहमीच भलत्या महिन्यात मिळायची. दोनदा जाऊनही आलो, पण ख्रिसमसमध्ये. तेव्हा बेंजो कपाटावर गोधडीत गुंडाळलेला असायचा. बाबा म्हणायचे, राहू दे, विसर्जनालाच वाजवू. आणि मला वाटायचं, गाणं कुठे पळून जातंय?

यंदाच्या विसर्जनाचं रेकॉर्डिंग ट्रेनमध्ये ऐकलं. चाल आली, चढली, उतरली, आणि मग तोडा आला. पुरा, स्वच्छ. त्यानंतर ढोलही थांबला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"बोटं ऐकत नाहीत रे आता," बाबा फोनवर म्हणाले. "पार्टी पोरांच्या हातात देतोय. उघडं गाणं कसं देऊ त्यांना? ठेवलं मी खाली." मग त्यांनी विचारलं, "राग नाही ना आला?"

नाही म्हणालो. राग कसला? पण तेव्हापासून गोराईचं रेकॉर्डिंग लावायची हिंमत होत नाही. तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांना हे खुळ्यासारखं वाटेल. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना समजावून सांगायला नको. इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी ते राहिलेलं गाणं होतं. कुणीतरी माझ्यासाठी ते चालू ठेवलंय या भरवशावर मी इथे निवांत राहिलो. आता तिकडे सगळं नीट संपलंय, माझ्यावाचून. आणि बाबांनी तोडा फार सुंदर वाजवलाय.